आत्याचं बटण

नवा कॅमेरा घेतल्यावर पहिले तीन आठवडे मी एकही धड फोटो काढला नाही. बटणं ठरवत बसले होते.

बटणं कॅमेऱ्याला लागलेलीच येतात. पण त्यातली तीन-चार अशी असतात की कंपनी त्यांच्यावर नुसतं सी-वन, सी-टू, सी-थ्री असं छापून मोकळी होते. त्यांनी काय करायचं ते ज्याचा कॅमेरा त्याने ठरवायचं. मेनूत जायचं, बटण निवडायचं, मग कामांची एक लांबलचक यादी उघडते, त्यातलं एक काम त्या बटणाच्या गळ्यात बांधायचं. पटलं नाही तर दुसरं. मी शहापूरला आमच्या घरी, खिडकीपाशी बसून हे करत असे. आई येऊन विचारायची, "काढलास का एखादा?" मी म्हणायचे, "अजून सेट होतोय." चौथ्या दिवशी तिने विचारणं सोडलं.

कॅमेरा का घेतला, हे मी घरी सांगितलं नव्हतं आणि इथेही सांगणार नाही. बटणांचं कारण मात्र सांगता येईल. चार माणसांसमोर मेनूत काहीतरी शोधत उभं राहणं मला जमत नाही. लोक वाट बघत असतात, कोणीतरी "काय गं, येतंय ना?" म्हणतं आणि मग मला जे येत असतं तेही येत नाही. सगळी महत्त्वाची कामं बोटांखाली आणून ठेवली की कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्यायची गरज उरत नाही. आणि तो डोळ्यावर असेपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. फोटो काढायचं जे मोठं बटण असतं, त्याच्याकडून फोकसचं काम काढून घेतलं आणि पाठीमागच्या, अंगठ्याखाली येणाऱ्या बटणाला दिलं. म्हणजे अंगठ्याने आधी नीट दिसेल असं करायचं आणि मग बोटाने फोटो काढायचा. सवय लागली की हे फार बरं पडतं. शिवाय ज्याला हे माहीत नाही, त्याला माझा कॅमेरा चालवता येत नाही. माझा चुलतभाऊ एकदा "दे बघू" म्हणत हातातून घेऊन गेला. त्याने माझे पाच फोटो काढले. पाचही वेळा मी धुक्यातली बाई.

"बिघडलाय बहुतेक," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले आणि कॅमेरा परत घेतला.

दुसरी गोष्ट म्हणजे मी आवाज बंद केला. नुसती बीप नव्हे, शटरचा आवाजसुद्धा. या कॅमेऱ्यांत अशी सोय असते की आतला पडदा हलतच नाही, कॅमेरा मुकाट्याने चित्र उचलतो. समोरच्याला कळतही नाही. मला ते इतकं आवडलं की आवाज परत सुरू करायला एकही बटण मी ठेवलं नाही.

असं सगळं ठरवून झालं आणि आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मुरबाडच्या पुढे, धसईच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून आत चालत गेलं की तिचं गाव. भाताची शेती, भात निघालं की त्याच रानात वाल. बायकांचा बचत गट ती चालवते आणि मोठ्याने बोलते. दोन्ही गोष्टी मला जमण्यातल्या नाहीत. त्या वर्षी तिच्या वॉर्डात ग्रामपंचायतीची जागा बायकांसाठी होती आणि गटातल्या बायकांनी तिला उभं केलं होतं. तिच्याविरुद्ध तिची धाकटी जाऊ उभी होती. दोघींची घरं एकाच अंगणात, भिंतीला भिंत लागून.

"रविवारी ये," आत्या फोनवर म्हणाली, "आन तुझा तो नवा कॅमेरा आन."

"का गं?"

"माझे डोळे काढायचेत."

आत्याचे डोळे हा आमच्या घरातला जुना विषय आहे. फोटो काढताना ती डोळे मिटते. एखाद्या फोटोत नव्हे, सगळ्या. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झोपलेली आहे. एका फोटोत डोळे उघडे होते असं काका, म्हणजे तिचे यजमान, शपथेवर सांगतात, पण त्या फोटोत ती अंतरपाटाच्या पलीकडे आहे. आधार कार्डाच्या वेळी तिला पापण्या बोटांनी धरून ठेवायला लावल्या होत्या. त्या कार्डावर तिला कोणीतरी चिमटा काढल्यासारखं दिसतं.

निवडणुकीसाठी तिने मुरबाडला एका स्टुडिओत फोटो काढला होता. अर्थातच डोळे मिटलेले. स्टुडिओवाल्याने सहा वेळा काढून बघितला, मग म्हणाला, "काळजी करू नका, कॉम्प्युटरवर उघडतो." त्या आठवड्यात त्याच्याकडे आसपासच्या गावांतले सगळेच उमेदवार येऊन जात होते. त्याने कोणाचे तरी उघडे डोळे कापून आत्याच्या चेहऱ्यावर बसवले. कामाच्या गर्दीत त्याने हे बघितलं नाही की ते डोळे धाकट्या जावेचे आहेत.

फ्लेक्स सकाळी फाट्यावर लागला. गावात लोक एकमेकांना किती बारकाईने ओळखतात, हे मला त्या गोष्टीतून कळलं. दहा मिनिटांत एसटीची वाट बघणारी एक बाई म्हणाली, "या बाईचे डोळे तं त्या बाईचे हायत." दुपारपर्यंत फाट्यावर फ्लेक्स बघायला माणसं येऊ लागली. शेवटी जाऊ स्वतः गेली, खालून वर नीट बघून आली आणि आत्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, काजळ पण माझंच हाय."

आत्याने तो फ्लेक्स संध्याकाळच्या आत उतरवला.

"सोमवारी दुपारपर्यंत नवा फोटो मुरबाडला पोचला पायजे," ती मला फोनवर म्हणाली, "नायतर मतदानाच्या आधी फ्लेक्स मिळत नाय. सगळ्यांचे लागलेत. माझाच बांबू रिकामा हाय."

मी हो म्हणाले. एरवी मी कोणाला इतक्या पटकन हो म्हणत नाही. पण आत्या कधी डोळे मिटते ते मी लहानपणापासून बघत आले होते. बरोबर आवाजाला. 'खटॅक' झालं की पापण्या खाली. माणूस फोन धरून उभा राहिला तरी फोनच्या 'खटॅक'ला तेच. आणि माझ्याकडे तर न वाजणारा कॅमेरा होता. जणू तो तिच्यासाठीच घेतला होता.

रविवारी सकाळी शहापूरहून मुरबाड आणि मुरबाडहून धसईची एसटी. फाट्यावर उतरले तेव्हा खरंच सगळ्यांचे फ्लेक्स लागले होते. धाकटी जाऊ हात जोडून, काजळ घालून, खूश दिसत होती. तिच्या शेजारी दोन रिकामे बांबू.

अंगणात पोचले तर दोन्ही उमेदवार एकाच सुपात वाल निवडत बसल्या होत्या.

"आली बग माझी फोटोवाली," आत्या म्हणाली.

"ये गो," जाऊ म्हणाली, "तुझ्या आत्याला जागी कर एकदाची."

काकांनी मला पाणी आणून दिलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "एवढासाच? स्टुडिओवाल्याचा मोठा हाय." मी हसले. अशा वेळी हसणं हे माझं नेहमीचं उत्तर आहे.

आत्या निळी साडी नेसून, केस बांधून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ओटीवर खुर्चीत बसली. हात जोडले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, अंगठ्याने फोकस केला आणि दाबलं. कॅमेरा मुकाट्याने कामाला लागला. पहिल्या दहा फोटोंत तिच्या चेहऱ्यावर आडव्या काळ्या पट्ट्या आल्या. ओटीवर ट्यूबलाइट होती आणि हे न वाजणारं शटर अशा दिव्याखाली पट्ट्या मारतं. मी हे वाचलं होतं आणि विसरले होते.

"अंगणात बसूया का?" मी म्हणाले.

खुर्ची अंगणात, पेंढ्याच्या गंजीसमोर नेली. उजेड छान होता. आत्या बसली. पदर, हात, मान. मी दाबत राहिले. काही नाही, कसलाच आवाज नाही. एक कोंबडी आमच्या दोघींच्या मधून चालत गेली.

थोड्या वेळाने आत्या ओठ न हलवता म्हणाली, "काढ की गो."

"काढतेय."

"कधी?"

"काढले. चाळीसेक झाले असतील."

तिने भुवया वर केल्या. "वाजला नाय तं काढला कसा?"

"न वाजताच काढतो हा."

"असा कसा काढतो?"

मी तिला कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या पडद्यावर दाखवले. डोळे उघडे होते, पूर्ण उघडे. चाळीसच्या चाळीस फोटोंत. ती आवाजाची वाट बघत होती आणि वाजेल तेव्हा मिटायचं नाही म्हणून तिने डोळे ताणून धरले होते. श्वासही धरला होता. पहिल्या फोटोपेक्षा दहावा जास्त लाल, दहाव्यापेक्षा तिसावा. शेवटच्या फोटोत तिच्या पायाशी साप असावा असं वाटत होतं.

काका वाकून बघत होते. "ही मत मागते का धमकी देते?"

पलीकडच्या ओटीवरून जावेने मान उंच केली. "बगू? अगो बाई. ताई, त्यापेक्षा माझेच डोळे बरे व्हते."

सगळे हसले. आत्याही हसली, पण उठली आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली. तिच्या जाण्यात काहीतरी होतं. मी दोन मिनिटं पेंढ्याकडे बघत उभी राहिले, मग तिच्या मागे गेले.

स्वयंपाकघरात अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर मला काहीच दिसेना. "लाइट लावू?" मी विचारलं.

"कशाला? हाताला म्हाईत हाय."

खरंच होतं. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचा हात मागे जाऊन साखरेचा डबा घेऊन आला. मग आल्याचा तुकडा. मग फडताळाच्या वरच्या कप्प्यातून, तेलाच्या डब्याच्या मागून, काडेपेटी. दुसऱ्या कोणाला ती काडेपेटी आठवडाभर सापडली नसती.

"मी उभ्या जन्मात सगळं उघड्या डोळ्यांनी केलं," ती गॅस पेटवत म्हणाली. "लगीन केलं ते बगून केलं. शेत केलं, गट उभा केला, त्या बँकेच्या मॅनेजरशी भांडली. फोटोत तेवढी झोपलेली. लग्नाचं जाऊ दे. पन बायांनी मला उभी केली ना? त्यांच्या फ्लेक्सवर मी पायजे. मी म्हंजे मी."

मला अशा वेळी काय बोलायचं ते मराठीत सुचत नाही आणि इंग्रजीतही सुचत नाही. कॅमेरा हातात होता, म्हणून मी त्याची बटणं चाळवत बसले.

"ते काय करत असतेस सारखी?" आत्याने विचारलं. "आल्यापास्नं बगते. बोटं हलतच असतात."

मग मी तिला सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. हे बटण कशाचं, ते कशाचं, का असं केलं, अंगठ्याला काय दिलं आणि मधल्या बोटाला काय. चुलतभावाचं धुकंही सांगितलं. मला वाटलं होतं ती "बरं बरं" म्हणेल. ती चहा ढवळायची थांबली.

"म्हंजे तुझी मांडणी," ती म्हणाली. "जिथं हात जातो तिथं डबा."

"हो. तेच."

"मंग वाजायचा डबा कुठं ठेवलास?"

"तो नाही ठेवला."

"का?"

"मला लागत नाही."

"तुला लागत नाय," आत्या म्हणाली, "बसणाऱ्याला लागतो ना. समोरच्याला कळायला नको काय, सुटलो ते? मी बसलीये आपली, जीव धरून. कोण सोडतच नाय मला."

चहा उकळून वर आला. तिने तो बघितलाही नाही, हाताने गॅस बारीक केला.

मी तिथेच पाटावर बसून मेनू उघडला. पुढच्या बाजूला, लेन्सच्या शेजारी, अनामिकेखाली येतं ते सी-थ्री. तीन आठवडे विचार करून त्याला मी रंगांच्या जुळवणीचं काम दिलं होतं, त्याबद्दल दोन लांबलचक लेखही वाचले होते. ते एका मिनिटात काढून टाकलं आणि तिथे आवाज ठेवला. एकदा दाबलं की वाजणारं शटर, परत दाबलं की मुकं. रिकाम्या भिंतीकडे धरून बघितलं. खटॅक. मग नुसतीच शांतता. परत खटॅक.

चहा गाळताना आत्याचे डोळे दोन्ही वेळा मिटले.

चहा पिऊन आम्ही परत अंगणात गेलो. जाऊ आता आत्याच्या ओटीच्या कडेला येऊन बसली होती, वालाचं सूप मांडीवर. तिने ते काम सोडून दिलं होतं, असं मला वाटतं. एक दाणाही हलत नव्हता.

आत्या बसली. पदर, हात, मान. या वेळी मी वाजवला. खटॅक. पापण्या खाली, अगदी घड्याळ लावल्यासारख्या. काका म्हणाले, "झालं. मूळपदावर."

पण मी कॅमेरा डोळ्यावरून काढला नव्हता. त्यामुळे पुढचं दिसलं. आवाज झाला आणि आत्या सुटली. तिने धरलेला श्वास सोडला, खांदे खाली आले, पापण्या वर गेल्या आणि तिने माझ्याकडे बघितलं. झाला का, बरा आला का, असं ते बघणं होतं. डोळे नुसते उघडे नव्हते, तिचे होते. ज्या डोळ्यांनी ती एसटीतून उतरणाऱ्या माणसाची पिशवी आधी आणि तोंड नंतर बघते, तेच. एक क्षण होते, मग ती काकांकडे वळली, "काय हसताव?"

मी दाबलं नव्हतं. बघतच राहिले होते.

"अजून एकदा," मी म्हणाले.

"कितींदा?"

"एकदाच. दोनदा."

खटॅक. अनामिका सी-थ्रीवर. पण बोट घसरलं आणि मी दुसऱ्यांदा वाजवला, आत्याने दुसऱ्यांदा डोळे मिटले. जाऊ खो-खो हसली. माझे कान गरम झाले. अशा वेळी मी "जाऊ दे, नाही जमत" म्हणून कॅमेरा पिशवीत घालते, हे मला माहीत आहे. त्या दिवशी पिशवी आत ओटीवर होती आणि मध्ये जाऊ बसली होती. शिवाय बांबू रिकामे होते.

मी बोट पुसलं. परत धरला.

खटॅक. पापण्या खाली. अनामिका दाबली, या वेळी नीट. आत्याने श्वास सोडला, डोळे उघडले आणि नेमकं त्याच वेळी ओटीवरून जाऊ म्हणाली, "झोपली परत."

आत्याला हसू आलं. मोठं नाही, नुसतं ओठांच्या एका बाजूने सुरू झालेलं, हिला नंतर बघते असं म्हणणारं. हात जोडलेलेच राहिले होते, सोडायचे विसरली होती. डोळे माझ्यावर. मी दाबून धरलं. कॅमेरा मुकाट्याने घेत राहिला आणि तिला पत्ताही नव्हता, कारण तिच्या हिशेबी फोटो केव्हाच काढून झाला होता.

मी पडदा तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली. काका बघायला वाकले तर त्यांना कोपराने बाजूला केलं.

"ही मीच हाय," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून माझ्याकडे वळली. "हा कधी काढलास?"

"वाजल्यावर."

"वाजल्यावर कसा? वाजला तेव्हा तं मी मिटले."

"वाजला तो वेगळा. हा त्याच्यानंतरचा."

तिने क्षणभर विचार केला. "म्हंजे पैला खोटा वाजवलास."

"हो."

"लबाड," आत्या म्हणाली, आणि काकांना, "बगा, बोलत नाय म्हनून भोळी वाटते. आतून बगा किती हाय."

इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात जाऊ सूप खाली ठेवून आली आणि पडद्यात डोकावली. तिचा चेहरा जरा उतरला. "छान आलाय गो," ती म्हणाली. "माझा त्याने मुरबाडला काढला तो काय असा नाय. त्याच्यात मी नुसतीच गोरी हाय."

मी आत्याकडे बघितलं. प्रचार म्हणजे प्रचार. तिने ठरवायचं.

"बस," आत्या खुर्चीकडे हात करून जावेला म्हणाली. "काढ गो तिचा पन. नायतर उद्या तो तिच्या तोंडावर माझे डोळे लावेल."

जावेचा एका फटक्यात आला. तिला कॅमेऱ्याचं काही वाटतच नव्हतं. तेवढ्यातल्या तेवढ्यात ती आत जाऊन काजळ घालून आली होती.

मला वाटलं संपलं. मी कॅमेरा बंद करणार तर आत्याने हात पुढे केला. "दे इकडं. तू बस आता."

"तुला नाही जमणार. तो दुसऱ्या कोणाला—"

"ऐकलंय ते. बस."

मी खुर्चीत बसले. खरं म्हणजे मी निर्धास्त होते. आत्याला अंगठ्याचं बटण मी सांगितलं होतं, पण दाखवलं नव्हतं. फार तर धुकं येईल. ती मी उभी होते तिथेच उभी राहिली, माझ्याच पावलांवर म्हणा ना, आणि मोठं बटण दाबलं.

"वाजला नाय."

"पुढचं दाब. बोटाखालचं."

तिची अनामिका बटणावर गेली. न बघता. मग खटॅक.

फोटो लख्ख आला. नंतर घरी येताना एसटीत मला त्याचं कारण कळलं. फोकस मी अंगठ्याला दिलेला असल्यामुळे तो शेवटी जिथे लावला होता तिथेच थांबून होता, खुर्चीवर. खुर्ची हलली नव्हती, आत्या माझ्या जागी उभी होती, म्हणून मी धुक्यात गेले नाही. माझ्याच मांडणीने मला पकडलं होतं.

पण ते नंतर. त्या वेळी आत्याने पडद्यात बघितलं, परत बघितलं, आणि अंगणभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसली. काका आणि जाऊ धावत आले.

फोटोत माझे डोळे मिटलेले होते.

"बापाकडची हाय," आत्या म्हणाली. "रक्त हाय आमचं. आता कळला माझा तरास?"

मी स्वतःचा फोटो वाजणाऱ्या कॅमेऱ्याने काढून घेऊन बरीच वर्षं झाली होती. लपण्याची इतकी कारणं मी गोळा केली होती, त्यात हे एक असेल असं वाटलं नव्हतं. आत्याने मग मला उठू दिलं नाही. खटॅक केलं, सी-थ्री दाबलं, आणि मी "झालं ना" म्हणून वर बघितलं तेव्हा ती अजून कॅमेरा डोळ्याला लावूनच उभी होती. तो दुसरा फोटो आईने मागून घेतला आणि शहापूरच्या घरात टीव्हीच्या वर लावला आहे. मी त्याच्याकडे फारशी बघत नाही. पण काढून टाका असंही म्हटलेलं नाही.

सोमवारी सकाळीच काकांनी फोटो मुरबाडला नेऊन दिला आणि फ्लेक्स छापून होईपर्यंत स्टुडिओवाल्याच्या मागे उभे राहिले. कॉम्प्युटरवर काही उघडू किंवा मिटू दिलं नाही. संध्याकाळी रिकाम्या बांबूंवर आत्या चढली. हात जोडलेले, ओठांच्या एका बाजूला हसू, डोळे थेट धसईच्या रस्त्यावर. तिच्या शेजारी जाऊ, जुनाच गोरा फोटो. नवा लावायला तिला कंटाळा आला, असं ती म्हणाली. आत्या म्हणते, खरं कारण तिच्या नवऱ्याला जुनाच आवडला.

निवडून जाऊ आली.

मला वाईट वाटलं, मी फोनवर तसं म्हणायचा प्रयत्न केला. आत्या म्हणाली, "सोड गो. घरातच राहिली जागा." मग जरा थांबून, "पन फ्लेक्सवरून मी सगळं बगितलं हां. कोन कोन रस्त्याला मान खाली घालून जात व्हतं ते."

श्रावणात मी परत गेले. पाऊस थांबून थांबून पडत होता. अंगणात शिरताना कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटलं आणि मी वळले. गोठ्याशेजारी सरपणाची लाकडं रचून ठेवली होती आणि भिजू नयेत म्हणून त्यांच्यावर फ्लेक्स बांधला होता. लाकडांच्या वरून आत्या हात जोडून, अर्धं हसत, माझ्याकडे बघत होती. कपाळावरून पाणी ओघळत होतं. डोळे उघडे.

कॅमेरा गळ्यातच होता. सी-थ्रीवर अजून तेच काम आहे. मी वाजवून एक काढला.

आवाज ऐकून काका बाहेर आले. म्हणाले, "मी तिला सांगत व्हतो, फोटो आतल्या बाजूला कर, पांढरी बाजू वर येऊ दे. रंग उडणार नाय. ऐकते का?"

आतून, अंधारातून, आत्याचा आवाज आला, "एवढ्या मुश्किलीने उघडलेत! आता काय लाकडांकडं बगत बसू?"